ही सीडी शेवटी लावायची

बाबा, मानवजातीवर झालेल्या अन्यायांत एकाची भर घालतो: हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. माझा परवा सुरू होईना. काळा पडदा, त्यावर एक पांढरी ओळ, खुलासा शून्य. गोपालपुऱ्याच्या दुकानदाराने नीट बघायच्या आत निदान केलं, "फॉरमॅट मार देते हैं, सरजी. एकदम नया हो जाएगा." अरे, नवा हवाय कुणाला? आत माझं पंधरा वर्षांचं लिखाण आहे! नळ गळतो म्हणून घर पाडायचं, ही यांची विद्या. लॅपटॉप काखेत मारून तरातरा घरी आलो.

तुम्ही विम्याच्या ऑफिसातून येऊन स्वेटरही न काढता हेच बजावायचात, "बूटची सीडी नुसतं दार उघडते, आतलं सामान जागच्या जागी. रिकव्हरीची सीडी मशीन कारखान्यातून आलं तसं करते, सामान धुऊन टाकून. आधी पहिली लाव, फायली काढून घे."

"मतलब एकच ना, बाबा?"

त्या 'मतलब'वरून वेगळी बोलणी. जयपुरात वाढणाऱ्या आम्हाला मराठी वाचता यावं, म्हणून तुम्ही दोन हिवाळे एका बोटाने गावाकडच्या गोष्टी टाइप करत होतात. तुम्ही दौऱ्यावर असताना कॉम्प्युटर अडला. मला गेम खेळायचा होता. मी थेट दुसरी सीडी लावली. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीननेसुद्धा विचारलं. मी हो म्हटलं. तुम्ही आलात तेव्हा म्हणालो, "व्हायरस आला."

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "असेल." परत एक ओळ टाइप केली नाहीत.

काल तुमचा सीड्यांचा डबा उघडला, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. दोन्ही सीड्यांवर तुमच्या अक्षरात चिठ्ठ्या. 'ही आधी.' आणि 'ही शेवटी, मला विचारून.' मी दुसरी लावली तेव्हा तिच्यावर चिठ्ठी नव्हती, बाबा. व्हायरससाठी कुणी मराठीत सूचना लिहून ठेवतं का? सगळं माहीत असून जन्मभर गप्प बसलात, ही कुठली रीत? एक थोबाडीत ठेवून द्यायची होतीत, मोकळा झालो असतो!

शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर बूटचा पेन ड्राइव्ह बनवला, त्यावरून लॅपटॉप उघडला, फायली बाहेर काढल्या. सगळ्या आहेत. 'ही आधी'ची चिठ्ठी आता पेन ड्राइव्हवर चिकटवलीय. फक्त पुसायचं राहिलंय. विचारून, म्हणालात, म्हणून विचारतो: पुसू?

तो व्हायरस नव्हता. मी होतो.