लाल कागदातला दिवा

प्रिय आत्या,

लहानपणापासून तू मला भोचक भवानी म्हणत आलीस. आता वाचनालयाने त्या भोचकपणालाच कामाला जुंपलंय: आपल्या गावातल्या बंद पडलेल्या रेडिओ केंद्राचा इतिहास लिहायचा. फोनवर हे सांगितलं तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस आणि लगेच माझ्या गुडघेदुखीची चौकशी केलीस. आत्या, गुडघे तुझे दुखतात.

केंद्राच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. तू निवेदन करायचीस त्या स्टुडिओच्या भिंतीवरचे, आवाज घुमू नये म्हणून लावलेले ते भोकाभोकांचे पुठ्ठे तसेच आहेत, दुकानदार त्यांच्यावर फ्रेमा अडकवतो. टेपा मात्र फारशा उरल्या नाहीत. एकाच टेपेवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण करायची तुमची पद्धत, त्यामुळे दंतवैद्याच्या भाषणाच्या शेपटाला कुणाची तरी बासरी निघते. हसून हसून माझं पोट दुखलं. पण दुकानाच्या माळ्यावर सुतळीने बांधलेलं श्रोत्यांच्या पत्रांचं गाठोडं सापडलं. सगळी पत्रं एकाच महिन्यातली आणि सगळी तुझ्याबद्दल.

हो, त्या सकाळबद्दलच. नगराध्यक्षांचं लांबलचक निवेदन वाचून झाल्यावर तू मान वर केलीस, दारावरचा लाल दिवा विझलेला पाहिलास, आणि माइक बंद झाला असं समजून म्हणालीस, ‘एवढं पाल्हाळ कशाला? उद्या नळाला पाणी नाही, आजच भरून ठेवा, संपलं.’ ते सगळ्या गावाने ऐकलं. केंद्राच्या साहेबांनी तोंड उघडायच्या आत तू राजीनामा दिलास आणि आठवड्याभरात गाव सोडलंस. तेव्हापासून माइक दिसला की तू पळतेस. माझ्या लग्नात दोन शब्द बोल म्हटलं, तर स्वयंपाकघरात जाऊन दडलीस. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आता ही पत्रं ऐक. एक शिंपी लिहितो, बाईंमुळे आमच्या घरात पहिल्यांदा वेळेवर पाणी भरलं गेलं. एका मास्तरांनी सारांशलेखन शिकवताना मुलांना तुझंच उदाहरण दिलं. एका आजीबाईंनी तर साहेबांना दटावलंय, की त्या मुलीला परत आणा, नाहीतर मी रेडिओ बंद करून त्यावर बरण्या मांडून ठेवीन. तुझा नवा पत्ता केंद्रात कुणाकडेच नव्हता, म्हणून पत्रं माळ्यावर गेली. तू तोंड लपवून निघून गेलीस आणि इकडे गाव तुला डोक्यावर घ्यायला निघालं होतं.

तुमच्या मशीनवाल्या काकांना भेटले. ऐंशी ओलांडलीत, पण आवाज खणखणीत. तुझं नाव काढताच म्हणाले, ‘चूक बाईंची नव्हती, माझी होती.’ तो दिवा म्हणजे साधाच बल्ब, वर लाल कागद गुंडाळलेला. त्या दिवशी वरचे अधिकारी तपासणीला येणार आणि जिन्यातला बल्ब गेलेला. काकांनी कागद तसाच ठेवून आतला बल्ब काढून जिन्यात लावला, तुझ्या निवेदनाआधी परत आणू म्हणून, आणि साफ विसरले. नोकरीच्या भीतीने कुणाला सांगितलं नाही म्हणाले. डोळे पुसले, आणि आजीबाईंचं पत्र वाचून दाखवल्यावर इतके हसले की काकू धावत आल्या.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. येत्या रविवारी सकाळी वाचनालयात ही सगळी पत्रं वाचायची आहेत. काकांना तुझी माफी मागायचीये, सगळ्यांसमोर. त्यांनी जुना माइक दुरुस्त केलाय. पहिलं निवेदन तूच करावंस अशी माझी फार फार इच्छा आहे. नाही आलीस तर रागावणार नाही, गाठोडं घेऊन मीच येईन. पण ये. काकांनी नवा बल्ब आणलाय, लाल कागद मात्र तोच, इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवलेला. या वेळी दिवा लागलेला असेल, आत्या. तरीही मनातलंच बोल.

तुझीच,
भोचक भवानी