गच्चीवरचा फेटेवाला

दिंडोशी,
मंगळवार, दुपार (वनमाला भाजी आणायला गेली आहे)

ती. लवूदादास,

धाकट्या जयवंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कंबरेमुळे हल्ली प्रत्यक्षात तेवढं वाकता येत नाही, म्हणून कागदावरच वाकून घेतो.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला उतरला का? तांबड्या गाईने लाथ मारली ती तुला की तिला तपासायला आलेल्या डॉक्टरला, हे इथवर नीट पोचलं नाही. ज्याला बसली त्याला आराम पडो. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, आमच्या घराला दोन खोल्या आणि वनमालेला चार कान. आणि जे सांगायचं आहे ते तिच्या एकाही कानावर जाता कामा नये.

तुला ठाऊकच आहे की आपल्या गावाच्या मुंबई मंडळाचा मी सरचिटणीस. दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्सवर पदाधिकाऱ्यांचे फोटो लागतात. गेल्या वर्षी फ्लेक्सचं काम नितेशकडे होतं. त्या पोराने माझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. आपली रुक्मिणीकाकी फ्लेक्ससमोर उभी राहिली, हात जोडले आणि हळहळून विचारलं, "ह्यो कधी गेलो?" मी तिच्या शेजारीच उभा होतो, हातात तिच्याचसाठी आणलेला चहा होता. त्या दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी फ्लेक्सवर मी जिवंत दिसणार, आणि जमलं तर थोडा रुबाबदारही. (इथल्या स्टुडिओवाल्याकडे जाऊन आलो. त्याने मला इतका गोरा केला की मंडळात मला परगावचा समजले असते.)

मग आठवला आमच्या देवेशचा जुना डिजिटल कॅमेरा. मोबाइल आल्यापासून तो कपाटात पिशवीत पडून होता, तीन पायांच्या स्टँडसकट. कुठेतरी वाचलं होतं की रात्री उघड्यावर फोटो काढला की मागे शहराचे दिवे येतात आणि माणूस भारदस्त दिसतो. आमच्या गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते, कारण टाकीचा व्हॉल्व्ह मी फिरवतो. दिवसा तिथे बायका पापड घालतात. रात्री साडेनऊला सगळी बिल्डिंग मालिकेसमोर बसलेली असते. एका बाजूला हायवेचे दिवे, दुसऱ्या बाजूला आरेचा काळोख, मधे पाण्याची टाकी. झकास जागा.

वर जाऊन मी लग्नातला कोट चढवला, मंडळाचा भगवा फेटा बांधला, चष्मा काढला आणि दात बसवले. (हे दात मी तीन वर्षांपूर्वी करून घेतले. टोचतात म्हणून ते वाटीत पाण्यात असतात. मला दात घातलेलं या घरात कोणी पाहिलेलंच नाही.) आता चष्म्याशिवाय मला कॅमेऱ्याचं बटण दिसेना, आणि चष्म्याने रुबाब जाई. बटण दाबायचं आणि दहा सेकंदांत टाकीपाशी पळायचं, असा तो प्रकार. पहिल्या फोटोत माझा गुडघा आला. दुसऱ्यात पाठ. पाच फोटो निव्वळ टाकीचे, कारण मी वाटेत डिशच्या वायरीत अडकलो होतो. शेवटी रात्रीसाठीची म्हणून जी खूण होती, ती लावली. त्यात कॅमेरा अर्धा मिनिट डोळा उघडा ठेवतो, हे मला कोण सांगणार? खट्‌ आवाज झाला, मला वाटलं फोटो निघाला. शिष्टाचार म्हणून आणखी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो. बॅटरी संपली होती, म्हणून कॅमेरा न बघताच पिशवीत ठेवला. तो खट्‌ म्हणजे सुरुवात होती, दादा; मी निघून आलो तरी मागे त्याचा डोळा उघडाच होता.

तिसऱ्या दिवशी नात जान्हवीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो कॅमेरा काढला, आणि कॉम्प्युटरवर फोटो बघून किंचाळली. टाकीपाशी फेटेवाला, कोटवाला एक इसम उभा, आणि त्याच्या पोटातून टाकीची पाइपलाइन आरपार दिसते आहे. पाय तर नाहीतच. पाच मिनिटांत तो फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला. बिल्डिंग सगळी आपल्याकडची, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हा टॉवर बांधताना जागेवाल्याचा, म्हणजे इथल्या मूळ राखणदाराचा, मान द्यायचा राहिला, तो उभा राहून मागतो आहे, असं एकमताने ठरलं. टाकीचं पाणी कोणी पिईना. पापड बंद पडले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सरचिटणीस रात्री नटून स्वतःचे फोटो काढतो हे कळलं असतं, तर माझी पुरती वाट लागली असती.

परवा रविवारी गच्चीवर नारळ ठेवला. गाऱ्हाणं कोण घालणार? तर गावी तू घालतोस, म्हणून मी. जिथे मी उभा होतो तिथेच तोंड करून मी मलाच सांगितलं, "बा देवा महाराजा, हय जो कोण उभो रवता, तेका तेच्या जाग्यार धाड." बहात्तर घरं ओरडली, "होय महाराजा." मान खाली घालून मी माझ्या जाग्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर गेलो.

आणि दादा, खरं दुखणं पुढे आहे. वनमाला मोबाइलवर तो फोटो मोठा करून बघत बसली होती. म्हणाली, "कोण बिचारो होतो देव जाणा, पण माणूस रुबाबदार होतो." अडतीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला आणि त्या मेल्याचा इतका राग आला की मी न जेवताच झोपलो.

बाकी सर्व ठीक. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गाईपासून लांब राहा.

तुझा,
जयवंत

ता. क. : शनिवारी बिल्डिंगवाले तुला फोन करून देवाला कौल लावायला सांगतील. पुढच्या रविवारी कोंबडा द्यायचं चाललं आहे. तो विनाकारण जाईल, म्हणून भूत शाकाहारी आहे असं सांग.

ता. क. दुसरा : आणि त्याची एवढीच इच्छा आहे म्हणावं, की यंदा फ्लेक्सवर सरचिटणीसाच्या जागी त्याचा फोटो लावावा. देवाची माफी मी मागेन. हे पत्र फाडून टाक.

ता. क. तिसरा : लवूभावोजी, वनमालेचा नमस्कार. पाकिटाला डिंक लाव म्हणून सांगून हे व्हॉल्व्ह फिरवायला गेले. वाटीतलं पाणी रोज मी बदलते, ते दात मी काळोखातही ओळखीन. रुबाबदार म्हटलं ते मात्र खरं म्हटलं. तोंडावर कधी बोलता आलं नाही, भुताला बोलणं सोपं गेलं. ह्यांना कळवू नका, डोक्यावर बसतील. कौल ह्यांच्या मनासारखाच द्या. फक्त कोंबडा रद्द करू नका, मी रश्शासाठी मसाल्याचं वाटप करून ठेवलं आहे.