बाबांची लाल गाडी आणि पासष्टीची अट

फाएन्झा, ४ जून २०२५

तीर्थरूप ओरेस्तेकाकांस,
आम्ब्राचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं! बाबा असते तर अख्ख्या गल्लीला कॉफी पाजली असती. मार्चमध्ये ते गेल्यापासून त्यांची लाल गाडी तशीच झाकून ठेवलेली आहे. आई म्हणते, विकून टाकू. नव्या चालकासाठी विम्याचा जो आकडा सांगितला, तो ऐकून ती खुर्चीतच बसली. शिवाय पहिली तीन वर्षं इतक्या ताकदीची गाडी मला एकटीला चालवता येत नाही. शेजारी दहा वर्षं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तोही पासष्टच्या आतला. बाबा बसणार होते. आईला गाडी येतच नाही. तुम्ही आणि बाबा अकरा वर्षं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. तरी विचारते, तुमचं वय बसतं का? आईला नक्की आठवत नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ असावा, हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

आपली,
आम्ब्रा

मोदिल्याना, ११ जून

चि. आम्ब्रा हिस अनेक आशीर्वाद.

पोरी, काका म्हातारा दिसतो, पण चौसष्टचाच आहे. टक्कल काही सरकारी कागद नव्हे. गाडी माझ्या नावावर करून टाका. चाळीस वर्षांत मी साधा आरसासुद्धा फोडलेला नाही, त्यामुळे माझा विमा स्वस्त पडतो. तू चालवणार आहेस, हेही त्यांना सांगतो. थोडं वाढेल ते मी बघतो. कागदांचं सगळं मी इथेच उरकतो. दर रविवारी दहाला हजर होईन. दोनातेल्लावहिनींना सांग, जेवायला थांबेन, पण काप्पेल्लेत्ती पास्ता घरी केलेला असेल तरच. आणि वळणावर ब्रेक उशिरा दाबलास तर मी ओरडेन, आधीच सांगून ठेवतो.

वडील माणसाच्या आरड्याओरड्यासकट लोभ ठेव.

तुझा,
ओरेस्तेकाका

फाएन्झा, २३ सप्टेंबर

ओरेस्तेकाका,
सा. न. वि. वि.

परवा ब्रिझिगेल्लाच्या नाक्यावर शिपायाने तुमचं ओळखपत्र हातात धरलं आणि मी हसत होते. जन्म १९५८. सदुसष्ट. माझं लायसन्स तीन महिन्यांसाठी गेलं. डोंगरावरच्या बेकरीत कामाला मी बेकरीचीच छोटी गाडी घेऊन पहाटे पाचला पोचत होते. तिथे बस जात नाही. मालकीणबाईंनी काल दुसरी मुलगी ठेवली. आई म्हणते, त्या घराण्यात सगळेच हट्टी. मी रडले, पण नोकरीसाठी नाही. पंधरा रविवार तुम्ही माझ्याशी इतकं बोललात, एवढं एकच का नाही सांगितलंत? मी नियम आधीच लिहिला होता ना?

लोभाचं काय ते तुम्हीच ठरवा.

आम्ब्रा

मोदिल्याना, २९ सप्टेंबर

चि. आम्ब्रा हिस आशीर्वाद.

सबब सांगत नाही. खरं तेवढं लिहितो. तुझ्या बाबाने, वान्नीने, आमच्या वडिलांच्या द्राक्षमळ्यातला आपला वाटा विकून ती गाडी घेतली, तेव्हा मी भर चौकात त्याला म्हणालो, पत्र्यासाठी माती विकलीस, आता माझ्या दारात येऊ नकोस. तो आला नाही. तो आजारी असल्याचं मला जानेवारीतच कळलं होतं. दवाखान्याच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. मग तुझं पत्र आलं. खरं वय सांगितलं असतं, तर तू दुसरं कुणीतरी शोधलं असतंस. मला त्याच्या गाडीत बसायचं होतं. तू गिअर बदलतेस ना, तशी मान तिरकी करून तोही लहानपणी सायकल चालवायचा. ते बघायला मी दर रविवारी येत होतो. तुझी नोकरी गेली, ते पाप माझं. विक्रीच्या कागदांवर सही करून ठेवली आहे.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

ओरेस्ते

फाएन्झा, ६ ऑक्टोबर

तीर्थरूप काकांस,
आम्ब्राचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारी राव्हेन्नाचा एक दंतवैद्य गाडी घेऊन जाईल. आई दार लावून आत बसणार आहे, मी किल्ली देणार आहे.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. माझ्याशी जे खोटं बोललात, ते मी सोडून दिलं. बाबांचं मात्र मला सोडता येत नाही. ती माफी त्यांची होती, मी त्यांच्या वतीने कशी देऊ? शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की ते तिकडे बघायचे. कुणाची वाट बघता, असं मी विचारलं, तर म्हणाले, कुणाची नाही. हे तुम्हाला सांगू नये असं आई म्हणाली. पण आता आपल्यात लपवालपवी नको.

रविवारी दहाला तुमची जुनी गाडी घेऊन या. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. बाबा आहेत त्या दफनभूमीपर्यंत जाऊ. आत तुम्ही एकटेच जा, मी फाटकाशी थांबेन.

लोभ आहे, तो तसाच राहू द्या.

तुमची,
आम्ब्रा