ट्रॅक्टरची मान

आप्पा,

परवा तुमच्या नातवानं, माझ्या पोरानं, नवी ट्रॉली ठरवली. सपाट, बिनफळ्यांची, कडबाही वाहील आणि मळणीयंत्रही चढवता येईल अशी. मोबाइलवर चार चित्रं दाखवून त्यानं मला विचारलं, "आण्णा, चाकांचा एक्सल कुठं घेऊ?" मी म्हणालो, "मागं." झालं. एका शब्दाचं काम. पण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमचा राग पुन्हा नव्यानं आलाय, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्हाला जाऊनही किती वर्षं झाली, तेव्हा भीडभाड ठेवत नाही. तुमच्या त्या ट्रॉलीपायी एका माणसाचा पाय गेला, आणि तुम्ही दोष त्याच्याच माथी मारलात. हे गावात सगळे विसरले. मी विसरलो नाही.

तुम्हाला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आप्पा. बैलगाडीतलं कळत होतं, हे मान्य. पाच गावांत कडब्याची गाडी तुमच्यासारखी कोणी भरत नसे. पेंढ्या अशा रचायचात की गाडी मागं झुकून उलाळ व्हायची नाही आणि पुढं झुकून बैलांच्या मानेवरही यायची नाही. जू दोन बोटांनी उचलून बघायचात आणि म्हणायचात, "तराजूगत हाय." चढ आला की स्वतः पुढं सरकून बसायचात, उतार आला की मागं. ते तुमचं शास्त्र. पण दुष्काळात एक बैल छावणीत मेला, दुसरा तुम्ही बाजारात नेऊन सोडून आलात, आणि दोन वर्षांनी दारात जुना ट्रॅक्टर आला. तुम्ही त्याच्याभोवती गोल फिरलात, टायर दाबून बघितलेत, बॉनेटवर थाप मारलीत आणि म्हणालात, "छाती चांगली हाय." मी तेव्हा सोलापुरात दोन वर्षं फिटरचं शिकून आलेलो. मान खाली घालून हसलो. आई तेवढी माझ्याकडं डोळे वटारून बघत होती.

मग ट्रॉली करायची ठरली. आपण दोघं पहाटेच्या एसटीनं माढ्याहून सोलापूरला गेलो. तुमच्या डोक्याला जत्रेतला फेटा, खांद्यावर उपरणं, जणू पोरगी बघायला चाललो होतो. वर्कशॉपच्या आवारात तीन ट्रॉल्या उभ्या होत्या. चार चाकांची उंच फळ्यांची तुम्ही लगेच नाकारलीत; कडबा फळ्यांच्या बाहेर पसरता आला पाहिजे, म्हणालात. हे मात्र बरोबर बोललात, उगाच नाही म्हणत नाही. दोन चाकांची, सपाट, बसकी तुमच्या मनात भरली. तिचा सांगाडा तेवढा तयार होता, एक्सल अजून बसायचा होता. मिस्त्री शांत माणूस, घरी तेलुगू बोलणारा, आधी यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. त्यानं सांगाड्याच्या लोखंडी चॅनेलवर खडूनं रेघ मारली, मध्यापासून हातभर मागं. म्हणाला, "हितं एक्सल बसवू. थोडं वजन ट्रॅक्टरवर पडू द्या."

आणि तुम्ही ओरडलात, "आरं, मानंवर ओझं टाकतोस व्हय? गाडी मधीच तोलायची असती!"

"आप्पा, ट्रॅक्टरला मान नसती," मिस्त्री म्हणाला.

"मुकं हाय म्हनून काय झालं? जिवाला तरास हुतोच की."

वेल्डिंग करणारी पोरं खो खो हसली. मिस्त्री नाही हसला. त्यानं समजावून सांगितलं, की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर वजन असलं तरच ती जमीन धरतात, चढाला फिरत नाहीत. तुम्ही ऐकून घेतलंत की नाही कोण जाणे. उलट पलीकडं उभी असलेली रिकामी ट्रॉली गाठलीत, तिची ट्रॅक्टरला जोडायची दांडी उचलून बघितलीत, आणि "ही बघ, किती जड! जनावर मरंल हिच्याखाली," असं आवारभर सांगत सुटलात. मिस्त्रीनं हात जोडले आणि चॅनेलच्या बरोबर मध्यावर दुसरी रेघ मारली. आठ दिवसांनी ट्रॉली घरी आली. एक्सल मध्यावर, आणि दांडी एवढी हलकी की तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला उचलून दाखवायचात. बेंदराच्या आदल्या दिवशी, घरात बैल नाही आणि तुम्ही खांदेमळण करायला बसलात! हळद आणि लोणी घेऊन ट्रॅक्टरचा हुक चोळत होतात. लोणी! लोक कुंपणापाशी थांबून बघत होते. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

वर्षभर मी ही गोष्ट मित्रांना रंगवून सांगितली. पुढं पन्नास वर्षं पाहुण्यारावळ्यांत सांगितली. "आमचे आप्पा म्हणजे आडमुठेपणाचा कळस, कधी कुणाला विचारायचे नाहीत," असा शेवट करायचो. लोक हसायचे.

त्या दिवसाची गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नाही. ज्वारीची मळणी संपलेली. ओढ्यापलीकडच्या रानातून कडबा आणि मळणीयंत्र एका खेपेत आणायचं तुम्ही ठरवलंत. भरलीतही तुम्हीच. घरी पोचल्यावर यंत्र आधी उतरवायचं, म्हणून ते पार मागं. पुढं कडबा रचलात आणि दांडी उचलून म्हणालात, "तराजूगत." सपाट रानात होतीच ती तराजूगत. मी ट्रॅक्टरवर बसलो. तुम्ही पुढं जाऊन ओढ्याच्या काठावर उभे राहिलात. आपला सालगडी, अकरा वर्षं आपल्या घरी राबलेला माणूस, हातात मोठा दगड घेऊन ट्रॉलीच्या मागून चालत होता, गाडी थांबलीच तर चाकामागं लावायला. त्याला मी काका म्हणायचो.

ओढ्यातून वर निघताना ट्रॉली तिरपी होते, सगळं वजन मागं जातं. बैलगाडी असती तर तुम्ही पुढं सरकून बसला असतात. इथं कोण बसणार? दांडी वर उचलली गेली, तिच्याबरोबर ट्रॅक्टरचं मागचं अंगही उचललं, चाकं जागच्या जागी फिरायला लागली. माझ्या बुडाखाली ते सगळं मला कळतंय. काका ओरडतात, "थांबा, थांबा, लावतो!" आणि मग हुकातली पिन उडते. ट्रॉली उलाळ होऊन मागं घरंगळली.

दगड लावला होता हो त्यांनी. मी उतरून धावलो तेव्हा तो चाकामागच्या चिखलात अर्धा रुतलेला मी बघितला. चाक त्या दगडावरून चढून त्यांच्या पावलावर आलं होतं. तुम्हीही बघितलात. माणसं जमली, काकांना बाजेवर घातलं, ते "आप्पा, आप्पा" करत होते. आणि तुम्ही काय बोललात? "दगुड लावला न्हाय ह्यानं येळंवर. सांगून सांगून दमलो." सगळ्यांसमोर! जो माणूस तुमच्या बैलांना स्वतःच्या पोराआधी पाणी पाजायचा, त्याच्याबद्दल! थू तुमच्या त्या शास्त्रावर, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. त्यांचा अर्धा पाय कापावा लागला. साल पुरं व्हायच्या आत ते सांगोल्याकडं बहिणीच्या गावी गेले, काठी टेकत शेरडं राखायला. जाताना आईला म्हणाले, "वैनी, मी लावला हुता दगुड. देवाशप्पथ लावला हुता." आई रडली. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

आता जे लिहायचं ते इथवर ढकलत आणलंय. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मध्यावरची रेघ मारून मिस्त्री आत गेला, पोरं चहाला गेली. तुम्ही त्या दोन रेघांपाशी एकटेच उभे राहिलात, बराच वेळ. मग उपरण्यानं तोंड पुसलंत आणि मला जवळ बोलावलंत. आवाज एकदम खाली आणून म्हणालात, "तू शिकल्याला हाईस. तुला काय वाटतंय रं? मधी का मागं?"

मला उत्तर माहीत होतं. पण पोरांच्या हसण्यानं माझे कान तापले होते, आणि तुमची एकदा गावासमोर चांगली फजिती व्हावी, असं मला मनापासून वाटत होतं. मी अगदी अदबीनं म्हणालो, "मला काय विचारताय आप्पा? तुम्ही जन्मभर गाड्या भरल्यात. तुम्ही म्हणाल तसं." तुमचा चेहरा केवढा उजळला होता. पोरानं मान दिला, असं वाटलं असणार तुम्हाला. परत येताना एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि माढ्यापर्यंत कडब्याची गाडी कशी भरायची ते सांगत आलात.

ओढ्यावर दगडाचं ते वाक्य बोलण्याआधी तुम्ही माझ्याकडं बघितलं होतंत. मी नजर खाली घातली.

हा कागद मी फाडणारच आहे. परवा "मागं" म्हणून सांगितल्यावर नातवानं विचारलं, आजोबांनी मग मधे कसा काय घेतला होता? मी म्हणालो, "ते कधी कुणाला विचारायचे नाहीत." सवयीनं तोंडातून गेलं. तो हसला, आणि मीही हसलो.