अखाजीची तिसरी घागर

नरडाणा,
रविवार, ता. २६ एप्रिल २०२६

चि. समीक्षा माय,

इकडे आम्ही तिघं खाऊन-पिऊन आहोत, तूही बंगळुरूला असशील असं धरून चालते. अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. तुझा भाऊ युवराज लिहून देतो म्हणाला होता, पण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. शिवाय हे पत्र लताच्याच हातून जायला हवं. तिला सांगितलंय, "बठ्ठं लिख, काही गाळू नको. संध्याकाळी युवराजकडून वाचून घेणार आहे मी." सुनेवर माझा विश्वास आहे, पण पुराव्यासह.

तुझा कागद पोचला. आईने सही दिली नाही म्हणून गुपचूप माझ्या नावाने पाठवलास. त्यात लिहिलंय, मुलगी मंगळावर राहायला जाते, परत येणार नाही, घरच्या वडीलधाऱ्यांची संमती आहे, आणि हा कागद दहा मेच्या आत तुला नेणाऱ्या कंपनीला पोचला पाहिजे. हुशार आहेस. जिला वाचता येत नाही तिचाच अंगठा घ्यायचा! युवराजने वाचून दाखवला तेव्हा मी विचारलं, "परतीचं तिकीट नाही म्हणजे? संपलं का?" तो म्हणाला, "आजी, ते छापतच नाहीत."

तिथे तू काचेच्या घरात भाजीपाला पिकवणार म्हणे. जळगावला बाटलीत रोपं वाढवून टिश्यूची केळी करायला शिकलीस ती यासाठी होय? माझं माहेर यावलचं, केळीतलं. आम्हाला विचारलं असतंस. तिथे लाईट किती तास असते ते आधी बघून घे.

लग्न होऊन इकडे आले तेव्हा मीही फार रडले होते. पण अखाजीला, तुमच्या शहरातल्या अक्षय्य तृतीयेला, माझा भाऊ सुकदेव मुराळी म्हणून यायचा, दोन बस बदलून, आणि मला माहेरी न्यायचा. तुला न्यायला कोण येईल? युवराज? त्याला भुसावळच्या रेल्वेपुलावर चक्कर येते.

तू लिहितेस, "आजी, इथे मी नसले तरी सगळं चालतं. तिथे माझ्यावाचून कुणाला जेवायला मिळणार नाही." हे वाचताना युवराज थांबला. इथे तुझ्यावाचून चालतं, हे तुला कोणी सांगितलं गं?

यंदाची अखाजी बरी झाली. सांजोऱ्या जराशा करपल्या. लिंबाला झोका बांधला, शेजारच्या पोरी येऊन बसल्या, गाणी म्हटली. ऊन फार आहे. तुझ्या आईच्या पोटात तीन दिवस अन्न राहिलं नाही, आता जेवते.

लता विचारते, "आई, ते कशाला लिहायचं?" लिही म्हटलं.

तर ऐक. कागद आला त्याच दिवशी मी अंगठा दिला. आणि अखाजीला, गेलेल्या माणसांना पाणी द्यायचं म्हणून दरवर्षी दोन घागरी आणते ना, एक तुझ्या आबांची, एक तुझ्या वडिलांची, यंदा मी तीन आणल्या. तिसरी तुझ्या नावाने भरली. कुंकवाचं बोट ओढलं, वर खरबूज ठेवलं. चुकून नाही. पुरता विचार करून. आता वाट बघत बसायचं माझं वय नाही. तुला गेलेल्यांत धरलं की एकदाच रडून मोकळं होता येईल, असं वाटलं.

तुझ्या आईने विचारलं, "ही तिसरी कुणाची?"

मी नाव घेतलं.

ती ओरडली नाही. घागरीपुढे बसली, खरबूज बाजूला ठेवलं, तांब्या बुडवला आणि पाणी प्यायला लागली. मी म्हटलं, "लता, ते गेलेल्याचं पाणी, आपण पिऊ नये."

"कोण गेलंय?" म्हणाली.

पीतच राहिली. ओकली, चूळ भरली, पुन्हा प्यायली. घागर रिकामी झाली तेव्हा उठली.

हे लिहिताना तिचा हात थांबलेला नाही. माझीच जीभ अडते आहे.

समीक्षा, मी तुला जा म्हटलं ते मोठ्या मनाने नाही. मी तुला जिवंतपणी पोचवून आले होते. अशा बाईचा अंगठा कंपनीला चालत असेल, मला चालत नाही.

म्हणून तो कागद आज मी लताच्या हातात दिला. वाटलं, टरकावते आता. तिने फाडला नाही. घडी करून कपाटात ठेवला. पोस्टाने तो तुला येणार नाही. हवा असेल तर दहा तारखेच्या आत ये आणि तिच्यासमोर उभी राहून माग. मी तिला विचारलं, "मागितला तर देशील?"

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "देईन. पण माझ्याकडे बघून मागायला सांगा."

शेवटी "सुखी राहा" लिही म्हटलं, तर लता म्हणते, ते ती आल्यावर तोंडाने सांगा. राहू दे मग.

तुझी, घाई केलेली आजी
सुंदरबाई
(अंगठा)

लिहिणार : तुझी आई, लता