स्वप्नालीचे ठोके

१२ नोव्हेंबर १९९४, पणदरे
नात स्वप्नाली शाळेतून पळत आली आणि म्हणाली, "आबा, छातीत टोचतंय." एवढं बोलून भाकरी खायला बसली. सून जयवंता म्हणाली, "पळून आलीया, दुसरं काय न्हाय." माझा धाकटा भाऊ कुंडलिक असाच छाती धरून बसला होता. तेव्हाही घरच्यांना काही वाटलं नव्हतं. तो गेला.
आजपासून पोरीची नाडी माझ्या ताब्यात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण मेंढ्यांच्या मांडीत बोट घालून नाडी बघण्यात जन्म गेला. पोरगी काय अवघड आहे? मुलगा मल्हार, त्याचं पट्टा तुटलेलं घड्याळ घेतलं. सेकंदकाटा चांगला आहे.

१३ नोव्हेंबर
सकाळी नाडी ब्याण्णव. माझी बहात्तर. घाबरून पुन्हा मोजली, शंभराच्या वर. तिसऱ्यांदा त्याहून जास्त. रोग झपाट्याने वाढतोय.
उद्यापासून दिवसातून एकदाच मोजायची. मनावर ताबा पाहिजे.

१७ नोव्हेंबर
एकदाच मोजली. जेवताना आणि शाळेत जाऊन बघितली ती धरत नाही, ती तपासणी होती. वर्गातल्या मुलांना सांगून ठेवलं की हिला धक्का लावू नका, ही कधीही जाईल. आता मुलं तिच्यापासून लांब बसतात. चांगली शिस्त लागली.
तालुक्याच्या पळण्याच्या स्पर्धेतून तिचं नाव काढायला लावलं. फार रडली. रडताना नाडी बघितली. फारच वाईट.

२६ नोव्हेंबर, बारामती
मल्हार आम्हाला डॉक्टर प्रमोदिनीबाईंकडे घेऊन गेला. पोरीच्या छातीला वायरी लावल्या. मी मनगट धरलं तसा मशीनचा काटा नाचायला लागला. बाई म्हणाल्या, "आबा, जरा बाहेर बसता?" फटीतून बघितलं, काटा निवांत. आत बोलावलं, परत नाच. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मशीन खराब असावं.
मग मल्हारला म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे. मुलांच्या छातीत असं टोचतं, कित्येकदा कारणच सापडत नाही. भीती वाटली की ठोके वाढतात, भीती गेली की आपोआप खाली येतात. "हिला औषध नको. आबांना थोडे दिवस हवापालट करू द्या."
बाईंनी स्पष्ट सांगितलं नाही, पण मी ओळखलं. मी जवळ असलो की काळीज जोमानं चालतं, लांब गेलो की मंदावतं. पोरगी माझ्या आधारावर जगते आहे. माझे श्रम मात्र बाईंच्या लक्षात आले.

२८ नोव्हेंबर, इंदापूर
लेक बानूबाईकडे आलो. जयवंतानं माझी पिशवी कालच भरून ठेवली होती. सुनेला किती काळजी! एसटी हलली तेव्हा स्वप्नाली हसत हात हलवत होती. आजाऱ्यानं एवढा हात हलवू नये.

६ डिसेंबर
बूथवरून फोन केला. मल्हार म्हणाला, "आबा, मास्तरांनी नाव परत घातलं. पोरगी तालुक्यात पयली आली!"
विचारलं, टोचतं का?
"एकदाबी न्हाय."
लपवताहेत. उद्या निघतो. बानूबाई म्हणाली, "आबा, जरा सुखानं राहू द्या की तिला." हिला काय कळतंय!

७ डिसेंबर, पणदरे
स्वप्नाली अंगणात मुलांबरोबर पळत होती. मला बघून जागच्या जागी थांबली. मी काही बोललो नव्हतो. घड्याळ खिशातच होतं. ती आपण होऊन आली, मनगट पुढं केलं आणि तोंड फिरवलं. लोकर कातरताना मेंढी अशीच गप पडते.
धरलं. ठोके मोजता येईनात. तिनं दुसरा हात छातीवर ठेवला. मुलं हळूहळू लांब सरकली.
जयवंता दारातून म्हणाली, "झालं समाधान, आबा?"

८ डिसेंबर, इंदापूर
पहिल्या गाडीनं परत आलो. इथली हवा मला मानवते, असं बानूबाईला सांगितलं. तिनं चेष्टेनं हात पुढं केला, "घ्या, माझी मोजा."
घड्याळ बंद पडलंय म्हणालो.
चालू आहे.