अमोलचा डावा हात

१२ ऑक्टोबर १९९६
अमोल घरी आला. टेनेसीतल्या बेसबॉल क्लबचा पहिला मोसम संपला. बॅगा उजव्या हाताने उतरवल्या. डावखुरा मुलगा. मी पाहिलं. "आई, वरण आहे ना?" म्हणाला. वरणभात परत मागून खाल्ला. ह्यांच्या फोटोपुढे उभा राहिला, मग झोपला तो संध्याकाळपर्यंत.

२० ऑक्टोबर
इथल्या मराठी मंडळाचे साळवेकाका येऊन गेले. "वहिनी, आम्ही आमच्या पोराला लायब्ररीत कोंडलं, तुम्ही मैदानात सोडलंत. बघा कोण जिंकलं!" हसले. क्लबने अमोलला दिलेल्या कराराचा आकडा पेपरात आल्यापासून प्रत्येकाला तो तोंडपाठ. अमोलने किती सामने खेळले, हे एकानेही विचारलं नाही.

९ नोव्हेंबर
शर्टाचं वरचं बटण लावता येत नव्हतं. कोपर पुरतं वाकत नाही, सरळही होत नाही. अखेर विचारलं.
"क्लबच्या डॉक्टरला सांगितलंस?"
"सांगितलं की एमआरआय. मग संपलं सगळं."
"काय संपलं?"
"आई, बाकीची पोरं दुखलं तर बसतात. मला लॉकररूममध्ये बँक म्हणतात. बँक दुखत नसते." बटण तसंच सोडलं. "एवढे पैसे दिलेत त्यांनी. आय कान्ट."
कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. दिलं.

१६ नोव्हेंबर
लायब्ररीतून कोपराबद्दलचं पुस्तक आणलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचतेय. हाडं जोडणारा पट्टा एकदा तुटला की आपोआप जुळत नाही. अमोलने मुखपृष्ठ पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१८ जानेवारी १९९७
मंडळाचं स्नेहसंमेलन. शाळेची जिम भाड्याने. अमोलचा सत्कार, शाल, गुच्छ. साळवेकाका माइकवरून, "आता एक बॉल टाकून दाखव रे! लहान मंडळी वाट बघतायत." अमोलने माझ्याकडे पाहिलं. काकांना नाही म्हणायची सवय आम्ही त्याला लावलेली नाही. दुखतंय म्हणावं, तर हॉलभर होणार.
त्याने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. टाकला. भिंत दणाणली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. "वन मोअर! वन मोअर!" दुसराही टाकला.
चेहरा राखेसारखा झाला होता. पण पंगतीत कुणाला कळलं नाही. जेवतो आपण उजव्या हातानेच, लहानपणी मीच शिकवलं. साळवेकाकांनी आग्रहाने जिलबी वाढली, "खा, खा, ताकद लागते!"

१९ जानेवारी
करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. गरम पाण्यात हात धरून बसला होता. मी म्हटलं, बर्फ लाव, पुस्तकात… "आई, प्लीज." दार लावून घेतलं.

२ फेब्रुवारी
हेही असेच होते. लेऑफ चालू होते तेव्हा ऑफिसात कळू नये म्हणून छातीतलं दुखणं मलासुद्धा सांगितलं नाही. गोळ्या कोटाच्या खिशात सापडल्या, दिवसकार्याचे सगळे पाहुणे परत गेल्यावर. त्यांचं बेसबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. तरी बाप-लेकाचं हे एक अगदी सारखं.

२६ फेब्रुवारी
अमोलला विमानतळावर सोडलं. फ्लोरिडात सराव सुरू. परवापासून पिचिंग, बॉल पूर्ण जोराने टाकायचा. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "डोन्ट वरी." गाडीत एकटी परतताना रेडिओ लावला नाही.
घरात पाय ठेवते तोच फोन. क्लबचा कोच. नम्र माणूस, आवाज वयस्कर. मुलाचा हात कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, तो विमानात आहे.
"ते माहीत आहे, मॅम. म्हणूनच तुम्हाला विचारतोय. मुलं खरं सांगत नाहीत."
थोड्या वेळाने फोन करते म्हटलं, नंबर घेतला. चहा केला, प्यायले नाही. हे लिहायला बसले.
अमोल उतरायला अजून अवकाश आहे.